विचार करायची खुर्ची

९ जानेवारी

चि. किटलीस,
अनेक आशीर्वाद. पत्राला उशीर झाला म्हणून आशीर्वादांत थोडी भर घालून पाठवतोय.

तू फोन करतेस आणि मी उचलत नाही, ही तुझी तक्रार तुझ्या वहिनीने मला भांडी विसळता विसळता ऐकवली. अगं, फोनवर बोलायचं काय? जेवलास का, झोपलास का, तिकडे थंडी आहे का, संपलं. पत्रात माणूस ऐसपैस बसतो. शिवाय सुतारकामात जन्मभर लाकडावर पेन्सिल चालवली, आता जरा कागदावर चालवून बघतोय. घरात एक मोठी डॉक्टर निपजली आहे, तेव्हा निदान थोरल्या भावाचं अक्षर तरी लोकांना वाचता यावं.

इकडची खबर म्हणजे आम्ही बिऱ्हाड खाली हलवलं. बाहेर कुठे नाही गं, वरच्या खोलीतून खालच्या खोलीत. चांगलं लाकूड वर कोरडं राहतं, म्हणून वर लाकूड आणि खाली आम्ही. लाकूड माडीवर आणि माणसं जिन्याखाली असं घर आपण जन्मात पाहिलं नाही, असं वहिनी म्हणते. तिला व्यवसायातलं काही कळत नाही. वर लाकूड कुणी चढवलं हे मात्र विचारू नकोस, हमाल बोलावले होते.

दुसरी खबर माझ्या मोठेपणाची आहे. कारखान्यातून घरी येताना तो जरासा चढ आहे ना, तिथे हल्ली मी लोकांच्या दारांचं निरीक्षण करतो. औषधाच्या दुकानाचं दार मी एकदा इतक्या बारकाईने पाहिलं, की दुकानदार बाहेर आला आणि काय बिघडलंय म्हणून विचारू लागला. आता काही नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. बिजागरी खाली बसलीय असं ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी हत्यारं नेऊन, पदरची नवी बिजागरी बसवून आलो. जुनी अगदी धडधाकट होती. मग शिंप्याने ऐकलं आणि त्याचंही दार माझ्या गळ्यात पडलं. लोकांना वाटतं म्हातारा भला माणूस आहे, आणि मी ते वाटू देतो.

नाडीचे बूट मी पुतण्याला देऊन टाकले. वाकलं की पोट आडवं येतं. सकाळचा खोकला आहे तसाच आहे. तो नसेल तर चहाचं आधण कधी ठेवायचं हे तुझ्या वहिनीला कळणार नाही, म्हणून चालू ठेवलाय.
पत्र टाक. लोभ आहे तेवढा ठेव, कमी पडला तर माझ्याकडून ने.
तुझा
दादा

२ फेब्रुवारी

ती. दादास,
साष्टांग नमस्कार. (खरं तर वाकून केला असता, पण पोट माझंही आडवं येतं.)

तुझं बिजागऱ्यांचं पत्र मी विभागातल्या सगळ्यांना चहाच्या वेळी वाचून दाखवलं. दोन डॉक्टर, तीन सिस्टर आणि नळीत फुंकायला लावून श्वासाची तपासणी करणाऱ्या बाई, सगळे पोट धरून हसले. तुमचा भाऊ नाटकात असायला हवा होता असं त्यांचं मत पडलं. मी म्हटलं, तो आहेच, फक्त तिकीट लावत नाही.

कळवायचं राहिलंच, मला छातीच्या विभागाची प्रमुख केलं. प्रमुख म्हणजे काय, तर मोडक्या खुर्च्या आता माझ्या नावावर आहेत. आमच्याकडे बहुतेक पेशंट सीओपीडीचे. धूर आणि धूळ वर्षानुवर्षं आत गेली की श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद होतात. हवा आत जाते आणि बाहेर पडायला कुरकुरते. त्यांना आम्ही लांब व्हरांड्यात सहा मिनिटं चालायला लावतो आणि कितपत जमतं ते बघतो. वाटेत बसायला ठेवलेत लोखंडी बाक, तेही इतके बुटके की बसलेला माणूस उठत नाही. कसं उठायचं ते दाखवायला मी बसले, तर मलाच दोघांनी हात देऊन उपसून काढलं. पेशंट फार खूश झाले.

तेव्हा दादा, मला एक खुर्ची करून दे. दम लागलेल्या माणसाला बसता येईल आणि मुख्य म्हणजे उठता येईल अशी.

आणि या लोकांची सोंगं काय सांगू तुला! दम लागतो का विचारलं की सगळ्यांचं एकच, छे छे, मुळीच नाही. एक बेकरीवाले काका आहेत, जन्म भट्टीच्या धुरात आणि पिठाच्या धुळीत गेला. म्हणाले, अजिबात दम लागत नाही. खोदून विचारलं तेव्हा कळलं, ते घरातून बाहेरच पडत नाहीत, मग लागणार कुठून? दम लागेल असं सगळं ही माणसं एकेक करून सोडून देतात आणि आपण बरे आहोत असं सांगतात. पण माझ्यापुढे त्यांचं काही चालत नाही. माणूस दारातून टेबलापर्यंत आला की मी ओळखते.

फोन उचलत जा रे. पत्रं मला आवडतात, पण तुझा आवाज ऐकून वर्ष होत आलं.
वहिनीला नमस्कार. मायेत काटकसर नको.
तुझी
किटली (विभागप्रमुख)

१८ एप्रिल

चि. विभागप्रमुख किटलीस,
आशीर्वाद, आणि एक जड खोकं.

खुर्ची पाठवली आहे. वेळ लागला. लाकूड वाळत नव्हतं असं मी सगळ्यांना सांगितलंय, तूही तसंच सांग. हल्ली रंध्याचे चार हात मारले की मला लांबून बघावंसं वाटतं काम कसं होतंय ते. लांबून बघायचं तर बसूनच बघावं लागतं.

दम लागलेला माणूस कसा बसतो हे मला काय ठाऊक, अंदाजाने केलीय. बैठक नेहमीपेक्षा जरा उंच ठेवली. पाठीला फारसं काही दिलं नाही, कारण अशा वेळी पाठ टेकावीशी वाटत नसणार. हात मात्र पुढे लांबवले आणि थोडे वर घेतले, म्हणजे पुढे झुकून कोपरं टेकता येतील. टोकाला गोल मुठी आहेत, धरून उठायला. पुढच्या पायांमध्ये आडवी पट्टी घातली नाही, उठताना पाय मागे घेता आले पाहिजेत. उजव्या हाताखाली एक छोटा कप्पा आहे, त्यात चष्मा ठेव नाहीतर शेंगदाणे.

खरं सांगायचं तर ही माझ्याच खुर्चीची धाकटी बहीण आहे. तसली एक मी जिन्याखाली ठेवलीय. वहिनीने विचारलं ही कशाला, तेव्हा विचार करायला म्हणून सांगितलं. हल्ली मला विचार फार येतात. आंघोळीनंतर येतात, जेवल्यावर येतात, मोजे घालताना तर एका पायाचे वेगळे आणि दुसऱ्या पायाचे वेगळे. इतका विचारी मी लहानपणी असतो तर शाळेने मला बाहेर काढलं नसतं.

बेकरीवाल्या काकांची गोष्ट वाचली. काय एकेक माणसं असतात. वहिनीला मी ती वाचून दाखवली, पण ती हसली नाही.
प्रमुख झालीस, आता डोक्यावर मिरे वाटू नकोस. जीव लावतेस तसा लावत राहा.
तुझा
दादा

३० एप्रिल

ती. दादास,
नमस्कार करते, पण रागाने करते, हे लक्षात ठेव.

खुर्ची आली. आम्ही ती व्हरांड्याच्या मध्यावर ठेवली. मी सगळ्यांना सांगत सुटले, माझ्या भावाने केली, केवढी कारागिरी बघा. सोमवारी बेकरीवाले काका चालायला आले. अर्ध्यात थांबले, खुर्चीत बसले, कोपरं टेकली, पाय मागे घेतले. खिशातला औषधाचा पंप काढला आणि न बघता उजव्या हाताखालच्या कप्प्यात ठेवला. मी चष्म्याचा समजत होते तो कप्पा. थोड्या वेळाने त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, डॉक्टरबाई, तुमच्या भावाला दम लागायला लागून किती वर्षं झाली.

मी हसले. माझ्या भावाला दम वगैरे काही नाही असं सांगितलं. ते म्हणाले, असं मीही तुम्हाला सांगितलं होतं.

दादा, मी व्हरांड्यातून सरळ निघाले. मग खोलीत जाऊन तुझी पत्रं काढली आणि पेशंटची माहिती वाचावी तशी वाचली. वरची खोली सोडलीस. नाडीचे बूट सोडलेस. चढावर दारं बघतोस. मोजे घालताना बसतोस. आणि फोन! मी मेली वर्षभर मिरवतेय, माझा भाऊ किती रसिक, या काळात पत्रं लिहितो म्हणून. तू पत्रं लिहितोस कारण फोनवर तुझं वाक्य मध्येच तुटलेलं मला ऐकू आलं असतं. हो ना?

तुझं आजारपण मी चहाबरोबर वाचून दाखवलं आणि छातीचा अख्खा विभाग त्यावर हसला. त्यात सगळ्यात मोठ्याने मी हसले. दारातून टेबलापर्यंत आला की ओळखते म्हणे! तू घरून जिन्याखालून सगळं लिहून पाठवलंस तरी मला ओळखता आलं नाही. माझ्या दारावरची पाटी काढून बेकरीवाल्या काकांच्या नावाची लावावी असं सिस्टर म्हणाल्या, गमतीने म्हणाल्या, पण मला पटलं.

राग असा आलाय की काय सांगू. आणि रागाच्या खाली भीती आहे. मी रोज ज्या छात्या ऐकते, त्यातली एक तुझी असेल असं मला कधी वाटलंच नाही. आई-वडील गेल्यावर तू मला शाळेत सोडायला यायचास. तू पुढे चाल, मी मागे आहे, असं म्हणायचास. मी कधी मागे वळून पाहायचे नाही, कारण तू असणार हे ठरलेलं होतं. अजून पाहिलं नाही, असं म्हणायची वेळ आली.

येत्या पंधरवड्यात इकडे ये. नाही आलास तर मी येईन आणि तुझ्या कारखान्यात सगळ्या माणसांसमोर तुला फुंकायला लावीन.
माझा तुझ्यावर लोभ आहे, म्हणूनच हे पत्र असं आहे.
तुझी
किटली (पाटी काढलेली)

५ मे

वन्संना,
सप्रेम नमस्कार. हे स्वतः उत्तर लिहिणार नाहीत, म्हणून माझं वेडंवाकडं अक्षर गोड मानून घ्या.

तुमचं पत्र आलं. यांनी वाचलं, घडी घातली आणि जाऊन त्या खुर्चीत बसले. मी विचारलं, विचार करताय का. तर म्हणाले, नाही, दम लागलाय. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य मी यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

तुम्ही माझ्यावरही रागवा, मी सामील आहे. कुठे जिना आला की मी मुद्दाम हळू चढायचे आणि मध्येच कंबर धरून उभी राहायचे, म्हणजे यांना थांबायला निमित्त मिळायचं. झालं काय, की सगळ्या नातेवाइकांत माझीच कंबर बदनाम झाली. दोघी जावांनी मला तेलं पाठवली. कंबर माझी ठणठणीत आहे हो!

तिकडे यायचं म्हटलं की हे नाही म्हणतात. तुम्ही काम बंद करायला सांगाल, ही एक भीती. दुसरी मला सांगितली नाही, पण मला कळते. ज्या बहिणीला खांद्यावर बसवून फिरवलं, तिच्यासमोर धापा टाकायची यांना लाज वाटते.

म्हणून मी एक थाप मारली आहे. वन्संचा निरोप आला, खुर्चीचा एक पाय डुगडुगतो असं मी यांना सांगितलं. त्यावर ताडकन उठले. माझी खुर्ची डुगडुगते? शक्य नाही! आम्ही सोमवारी येतोय, हत्यारांची पेटी घेऊन. तेव्हा वन्सं, कृपा करून खुर्ची जरा डुगडुगती करून ठेवा.
मला तुमच्यावाचून दुसरी नणंद नाही, म्हणून असलेलीनेच सांभाळून घ्यावं.
तुमची
वहिनी

२१ मे

ती. दादास,
साष्टांग नमस्कार. या वेळी खराखुरा, तुम्ही गेल्यावर रिकाम्या खुर्चीला केला.

आधी कबुली देते. तुझी खुर्ची डुगडुगती करणं माणसाच्या हातचं नाही. आदल्या संध्याकाळी मी, सिस्टर आणि तपासणीच्या बाई अशा तिघी तिच्याशी झटलो. हलवली, ओढली, मी तर तिच्यावर उभी राहिले. ती जागची हलेना. शेवटी एका पायाखाली औषधाच्या चिठ्ठीची घडी सरकवली. तू आलास, लांबूनच पाहिलंस, एका हाताने खुर्ची उचललीस आणि चिठ्ठी काढून माझ्या हातात दिलीस. मला वाटलं आता पेटी उचलून चालू पडतोस. पण तू वहिनीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, आणि पेटी बाजूला सरकवून बसलास. त्याबद्दल मी तुझी जन्माची ऋणी आहे.

फुंकायच्या तपासणीला मला आत घेतलं नाही. घरच्यांना आत घेत नाहीत, हा नियम मीच केलाय. मी दाराला कान लावून उभी होते आणि बाई ओरडत होत्या, फुंका, फुंका, अजून, अजून! जो आकडा आला तो तुला सांगितलाच, तुझ्या वयाला हवा त्याच्या निम्म्याहून जरासा खाली. औषध देऊन पुन्हा फुंकवलं तरी फारसा हलला नाही. म्हणजे सीओपीडीच. गेलं ते परत येणार नाही, पण आहे ते नीट राखता येतं आणि दम कमी करता येतो, हे मी रोज लोकांना सांगते. तुला सांगताना मीच वाक्याच्या मध्ये अडकले आणि तू मला पाणी दिलंस. पेशंटने डॉक्टरला पाणी देण्याची आमच्या विभागातली ही पहिली वेळ.

आणि ती सहा मिनिटांची चाल. त्या तपासणीत आम्ही पेशंटच्या पुढे चालायचं नसतं. पुढे चाललो तर तो आमच्या वेगाने ओढला जातो. म्हणून मी मागे होते. तू निघालास आणि मला तुझी पाठ दिसायला लागली, तेव्हा मी काय करतेय हे माझ्या लक्षात आलं. अर्ध्यात तू थांबलास. एक्स-रेच्या दारापाशी गेलास आणि बिजागरीवर हात ठेवलास. मी श्वास धरून उभी. मग हात काढलास, खुर्चीत येऊन बसलास, कोपरं टेकलीस आणि माझ्याकडे सरळ बघत दम घेतलास. लाजला नाहीस. मी मात्र रडले, ते तू पाहिलंस, आता कुणाला सांगत फिरू नकोस.

आता हुकूम. सिगारेट बंद. दिवसाला दोनच ओढतो हे तुझं म्हणणं आम्ही नेहमीप्रमाणे पाचाने गुणून घेतलंय. त्याला मदत लागते, ती औषधं दिली आहेत, मनाच्या जोरावर सोडतो असली बढाई नको. पंप सकाळ-संध्याकाळ सोबत दिलेल्या नळकांड्यातूनच घ्यायचा आणि मग चूळ भरायची. तू पहिल्यांदा घेतलास तेव्हा बिजागरीला तेल सोडावं तसा लांबून सोडलास, ओठांना काहीच लागलं नाही. लस घेतलीस ते बरं झालं. काम बंद करायला मी सांगितलेलं नाही, नीट ऐक. भुसा ओढून घेणारं यंत्र बसव, तोंडाला मास्क लाव, आणि करवत दुसऱ्याच्या हातात दे. रोज थोडं चाल. दम लागला की ओठांचा चंबू करून सावकाश हवा सोड.

बेकरीवाले काका तुझी चौकशी करतात. खुर्चीची बैठक बोटभर अजून उंच हवी होती असं त्यांचं म्हणणं आहे. मी तुझ्या वतीने भांडले.
माया आहेच, आता जरा लक्षही ठेवणार आहे.
तुझी
किटली

१४ जुलै

चि. किटलीस,
आशीर्वाद. या वेळी एका दमात लिहिले नाहीत, सावकाश लिहिले आहेत.

बेकरीवाल्याला सांग, बैठक बरोबर आहे, त्याचे पाय लांब आहेत. तरी त्याच्यासाठी एक वेगळी करतोय, बोटभर उंच. माझ्या कामाला नाव ठेवलं म्हणून नाही, त्याने तुला विचारलं म्हणून.

तुझा तो ओठांचा चंबू मला नवा नाही. रंधा मारून झाला की मी तसाच भुसा फुंकतो, जन्मभर फुंकला. फुंकून तो पुन्हा नाकातोंडात घेतला, हे मात्र आत्ता कळलं. म्हणजे ज्या विद्येने आजार आणला तीच विद्या औषध म्हणून तू मला शिकवलीस, वर फी घेतली नाहीस. यंत्र बसवलंय. ते इतकं भुसा ओढतं की बघून माझं मलाच कसंतरी झालं. सिगारेट सुटली आहे, फक्त माझी बोटं अजून खिशात जातात. तिथे मी शेंगदाणे ठेवलेत, म्हणून वजन वाढतंय, म्हणून पोट आता खरंच आडवं येतं.

वहिनीची कंबर एका दिवसात बरी झाली. नातेवाइकांनी चमत्कार म्हणून विचारायला सुरुवात केलीय, कुठला डॉक्टर म्हणून. तुझं नाव सांगितलंय, तयार राहा.

परवा चढावर थांबलो. औषधवाला लगेच बाहेर आला, आता काय बिघडलं म्हणून. दार छान आहे, मलाच दम लागलाय असं सांगितलं. त्याने आतून स्टूल आणून दिलं. मी त्याच्या दारात बसलो, लोक आत-बाहेर करत होते आणि माझी बिजागरी कुरकुरत नव्हती. मग सांगून टाकलं त्याला, की जुनीही चांगली होती. तो म्हणाला, ते त्यालाही माहीत होतं. म्हणजे गल्लीभर सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या सोंगासाठी मी इतकी वर्षं घाम गाळला ते फक्त तुझ्यावर चाललं, आणि तू निघालीस प्रमुख! त्याचा मला मनातून अभिमानच वाटला, बघ.

आता एक मागणं. रविवारी फोन कर. मी उचलतो. बोलता बोलता मध्येच गप्प झालो तर लाइन तुटली समजून ठेवू नकोस. मी तिथेच असेन, दम घेत. तेवढं थांब, मग पुढचं बोलतो.
लोभाला दम लागत नाही, तो दोन्हीकडून चालू राहो.
तुझा
दादा